आमटीत मीठ घातले की नाही

एका तळ्याकाठच्या गावात एकदा एक वृद्ध गुरुजी राहत होते, आणि त्यांच्या पाठशाळेत एक तरुण शिष्य शिकत होता. गुरुजी फार थोडे बोलत. ती उणीव शिष्य भरून काढी. शिष्य बुद्धीने तल्लख होता, त्याचे पाठांतर चोख होते, आचरण निर्मळ होते. आणि आपले आचरण निर्मळ आहे ही गोष्ट क्षणभरही त्याच्या विस्मरणात जात नसे. गावातले लोक त्याला ‘शास्त्रीबुवा’ म्हणत. त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती, हे म्हणणाऱ्यावर अवलंबून असे.

गावाचा जीव त्या तळ्यात होता. तळ्याला दोन मोऱ्या होत्या. वरच्या मोरीतून निघणारे पाणी वरच्या आळीच्या केळीच्या बागांना जाई आणि खालच्या मोरीचे पाणी खालच्या आळीतल्या भाजीच्या वाफ्यांना मिळे. कोणती मोरी केव्हा उघडायची आणि केव्हा लावायची हे तळ्याचा कारभारी ठरवी. आणि कारभारी कोण असावा हे दर तीन वर्षांनी गाव ठरवी. रीत सोपी होती. ग्रामदेवीच्या उत्सवाच्या सकाळी देवळाच्या सभामंडपात दोन मडकी ठेवत. मडक्यांच्या तोंडाला फडके बांधलेले असे आणि फडक्याला चिंचोका जाईल एवढे भोक. प्रत्येक जाणत्या स्त्री-पुरुषाला एक चिंचोका मिळे. ज्याला जो माणूस हवा त्याच्या मडक्यात त्याने तो टाकावा. नैवेद्याची घंटा झाली की पुजारी मडकी उचलून आत नेई. त्यानंतर कुणी चिंचोका घेऊन आलेच तर तो भाजून खा, असे सांगे.

त्या वर्षी एक मडके सोनबारावांचे होते. हे मावळते कारभारी. स्वभावाने गरीब, आणि विलक्षण झोपाळू. पहाटे उघडायची मोरी ते उन्हे डोक्यावर आल्यावर उघडत, आणि कधी कधी उघडायचीच विसरत. तळ्याच्या घाटाला पायऱ्या बांधून देण्याचे त्यांनी तीन वर्षांपूर्वी कबूल केले होते. त्यांतली एक पायरी पूर्ण झाली होती, आणि दुपारच्या वेळी सोनबाराव स्वतःच तिच्यावर सावलीला पडलेले दिसत. कुणी जाब विचारला तर मात्र ते रागावत नसत. "हो, चुकलंच माझं," असे म्हणत आणि पुढचे दोन दिवस वेळेवर उठत.

दुसरे मडके जयाजीरावांचे. माणूस मोठा कर्तबगार. देवळाचे गळके छप्पर त्यांनी चार दिवसांत नीट करून दिले होते. बोलतील ते करून दाखवतील अशी त्यांची ख्याती होती, आणि अडचण नेमकी तीच होती. कारण खालची मोरी दगड-चुन्यात कायमची बुजवून टाकीन, म्हणजे वरच्या बागांना बारमाही पाणी मिळेल, असे ते सांगत होते. खालच्या आळीने विहिरीवर भागवावे. शिवाय दर तीन वर्षांनी चिंचोके वाटत बसण्याचा हा पोरखेळ आता पुरे, एकदा मी बसलो की गावाने निश्चिंत असावे, असेही ते हसत हसत सांगत. मोरीसाठी लागणारा चुना त्यांनी आगाऊच भिजत घातला होता.

शिष्याचे घर खालच्या आळीत होते. घरात आई एकटी आणि परड्यात वांग्यांचे आठ वाफे. त्यावर तिचे पोट चाले. मागच्या उन्हाळ्यात सोनबारावांच्या झोपेपायी त्यांतले तीन वाफे वाळून गेले. उरलेल्या पाचांना शिष्याने विहिरीवरून घागरी वाहून जगवले होते, आणि तेव्हापासून सोनबारावांचे नाव निघाले की त्याच्या खांद्यात कळ येई. जयाजीराव आले तर आठही वाफे जाणार, हेही त्याला दिसत होते. पुष्कळ विचार करून त्याने निर्णय घेतला की आपला चिंचोका आपल्या कनवटीलाच राहील. एक आळशी आणि दुसरा आडदांड. त्यांतला कमी वाईट कोण ते शोधत बसणे म्हणजे वाईटालाच मान देणे होय. आपला हात तरी स्वच्छ राहावा. हा निर्णय त्याला इतका आवडला की तो त्याने गावभर सांगितला.

उत्सवाच्या दिवशी देवळाचा स्वयंपाक पाठशाळेकडे होता. दोनशे पानांची पंक्ती. भात आणि भाजी इतरांकडे होती. चिंच-गुळाची आमटी शिष्याकडे. या स्वयंपाकाचा एक नियम सर्वांना ठाऊक होता, तो असा की नैवेद्याचे अन्न चुलीवर असताना चाखायचे नाही. नैवेद्य दाखवायला जाई तोवर इकडे पंक्तीची पाने वाढून तयार असत, आणि मग सगळ्यांनी एकदमच पहिला घास घ्यायचा. त्यामुळे पदार्थ कसा झाला आहे हे करणाऱ्यालाही पंक्तीबरोबरच कळे.

आमटीला उकळी येत होती तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दाराशी खालची आळी येऊन उभी राहिली. पुढे चिमाआत्या. ही शिष्याची सख्खी आत्या नव्हे, पण सगळ्या आळीची आत्या. तिच्यामागे तीस माणसे, आणि प्रत्येकाच्या मुठीत चिंचोका.

"शास्त्रीबुवा," चिमाआत्या म्हणाली, "आम्ही एकतीस जण आहोत. तू शिकलेला. तू सांगशील त्या मडक्यात टाकतो. तू जाणारच नसशील तर आम्हीही इथंच बसतो, तेवढंच सभामंडपात रांगेला उभं राहणं वाचेल."

शिष्याने त्यांना सगळे समजावून सांगितले. एका हातात पळी होती, ती आवश्यक तिथे उंचावली. सोनबारावांचे घोरणे, जयाजीरावांचा चुना, स्वच्छ हाताचे महत्त्व, असे क्रमाक्रमाने सांगताना त्यात दोन संस्कृत वचनेही आली. बोलताना त्याचा दुसरा हात आपोआप काम करत होता. चिंचेचा कोळ पडला, गूळ पडला, आणखीही काही पडले असावे. आत्याने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे नाही जायचं?"

"नाही जायचं."

"बरं," असे म्हणून ती देवळाच्या भिंतीच्या सावलीत जाऊन बसली. तिच्यामागोमाग तीसही जण बसले. कुणी पानसुपारी काढली. एकाने चिंचोका भाजायचा का, अशी चौकशी केली.

शिष्य समाधानाने चुलीकडे वळला. तेवढ्यात गुरुजी आत आले, पातेल्यात डोकावले आणि सहज विचारावे तसे त्यांनी विचारले, "आमटीत मीठ घातलंस?"

प्रश्न चार शब्दांचाही नाही. पण चुलीपाशी नव्याने उभ्या राहिलेल्या माणसाच्या पायाखालची जमीन त्याने कशी सरकते, हे ज्याला कधीतरी तो विचारला गेला आहे त्यालाच कळेल. शिष्याला हळद घातल्याचे आठवत होते. गूळ घातल्याचे आठवत होते. मिठापाशी आल्यावर त्याला फक्त आपले भाषण आठवले, आणि तेही सुंदर झाले होते.

त्याने मिठाचा भलामोठा वाडगा पाहिला. तो अर्धा रिकामा होता. पण त्यातलेच मीठ भाजीलाही गेले होते. शेजारी भात काढणाऱ्याला विचारले. तो म्हणाला, काहीतरी टाकताना पाहिले खरे, पण तो गूळही असेल. वासावरून मीठ ओळखणारी माणसे असतात असे म्हणतात, परंतु गुरुजींच्या नाकाचा तपकिरीने केव्हाच निकाल लागला होता, आणि शिष्याला त्या क्षणी कशाचाच वास येत नव्हता.

"गुरुजी, आता घालावं, तर आधी घातलेलं असलं म्हणजे खारट होईल. न घालावं, तर अळणी."

"खरं आहे."

"दोन्ही वाईटच."

"हो," गुरुजी म्हणाले. "मग तुझा तिसरा मार्ग आहेच की. पळी खाली ठेव, हात धुऊन घे आणि बाजूला उभा राहा."

शिष्य पळी ठेवणारही होता. इतक्यात वाढप्यांपैकी एक दणकट गृहस्थ पातेले उचलायला आले, त्यांनी सगळा प्रकार ऐकला आणि वाडग्यात हात घालत ते म्हणाले, "त्यात काय एवढं? मी टाकतो मूठभर. कमी पडायला नको."

तेव्हा गुरुजींनी, वयाला न शोभेल अशा चपळाईने, त्यांच्या हाताखालून वाडगा काढून घेतला. शिष्याला वाटले, आता गुरुजी स्वतः मोजून मीठ घालणार. पण गुरुजींनी पातेल्याकडे पाहिलेसुद्धा नाही. वाडगा घेऊन ते सरळ बाहेर गेले, जिथे केळीची दोनशे पाने मांडलेली होती, आणि वाकून प्रत्येक पानाच्या वरच्या बाजूला, मिठाच्या ठरलेल्या जागी, मीठ वाढू लागले. नेहमीसारखे चिमूटभर नव्हे. चांगला ढीग.

शिष्य त्यांच्यामागे धावला. "गुरुजी, आमटी तशीच जायची? अळणी निघाली तर लोक नावं ठेवतील."

"ठेवतील."

"आपल्याला नावं ठेवतील."

"तुला," गुरुजी म्हणाले. "आमटी तू केलीस."

सातआठ पाने झाल्यावर ते कमरेवर हात ठेवून सरळ उभे राहिले. "हे बघ. मीठ पडलं की नाही, हे कळायला आता मार्ग नाही. काहीही केलं तरी चूक होऊ शकते. अशा वेळी कोणती चूक दिसायला बरी, ते बघू नये. कोणती चूक पुढे दुरुस्त करता येईल, ते बघावं. अळणी निघाली तर जेवणाऱ्याच्या पानात मीठ आहे आणि हाताला बोटं आहेत. खारट निघाली तर त्यातलं मीठ वेचून काढणारं बोट अजून जन्माला यायचंय. वरून पाणी ओतलंस तर चव जाते आणि खारटपणा तेवढा उरतो. आणि तू बाजूला उभा राहिलास, तर आमटी काही चुलीवर थांबत नाही. मूठ भरून उभा असलेला माणूस कुणी ना कुणी असतोच."

शिष्य म्हणाला, "म्हणजे अळणीला चांगलं म्हणायचं?"

"अळणीला अळणीच म्हणायचं. अगदी मोठ्यानं म्हणायचं. पण म्हणून थांबायचं नाही. पानातलं मीठ आपण होऊन आमटीत उडी मारत नाही, ते आपल्यालाच कालवावं लागतं."

इतके बोलून गुरुजी पुन्हा वाकले. शिष्य त्यांच्यामागे एक पान पुढे सरकला.

"गुरुजी, आपण आमटीविषयीच बोलताय ना?"

"मग आणखी कशाविषयी? मला दुसरं काय कळतं?" गुरुजी पुढच्या पानाकडे सरकले. "नैवेद्याचं ताट भरून होत आलंय, बघ. घंटेला फार वेळ नाही."

शिष्य तिथेच उभा होता, पण त्याच्या डोळ्यांपुढे आता पाने नव्हती. मागच्या उन्हाळ्यात तो एकदाच सोनबारावांच्या दाराशी गेला होता. खूप बोलला होता. सोनबारावांनी मान खाली घालून ऐकले होते आणि दोन दिवस पाणी वेळेवर आले होते. तिसऱ्या दिवशी पुन्हा जायला हवे होते. तो गेला नाही. त्याऐवजी त्याने घागरी उचलल्या आणि राग धरला. रागात एक मोठेपणा वाटत होता, आणि दुसऱ्याच्या दाराशी रोज जाऊन बसण्यात तो वाटत नव्हता. सोनबारावांच्या दाराशी आणखी शंभर वेळा जाता आले असते. चुना एकदा वाळला की मात्र कुणाच्या दाराशी जायचे? आणि पुढे मडकीच नसतील तर तीन वर्षांनी तरी काय करायचे?

तो भिंतीच्या सावलीकडे आला तेव्हा खालच्या आळीतली निम्मी माणसे पेंगत होती. त्याने चिमाआत्याला उठवले आणि सांगितले की सोनबारावांच्या मडक्यात टाकायचे, आणि लवकर चला.

आत्याने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. "मघाशी तर हात स्वच्छ ठेवत होतास. आता सोनबा एकदम चांगला झाला?"

"चांगला नाही झाला. चिंचोका टाकायचा म्हणजे काही आरती ओवाळायची नाही, आत्या."

"हे मघाशीच सांगायचं," आत्या उठता उठता म्हणाली. "तेवढ्यासाठी संस्कृत ऐकवलंस."

सभामंडपापर्यंत सगळे अक्षरशः पळत गेले. सोनबारावांच्या मडक्यापुढे बत्तीस माणसांची रांग लागली. पुजारी एका हाताने घंटेची दोरी धरून उभा होता आणि दुसऱ्या हाताने आटपा आटपा अशी खूण करत होता. शेवटचा चिंचोका शिष्याचा. तो टाकताना त्याला मुळीच आनंद झाला नाही. पण चिंचोका आत पडल्याचा टप्‌ असा आवाज त्याने नीट ऐकला. मग घंटा झाली.

पंक्ती बसली. पाने वाढून झाली होती. देवीचा जयजयकार झाला आणि दोनशे माणसांनी एकदम पहिला घास घेतला. मग एक सोडून बाकी सगळे उजवे हात एकाच वेळी पानाच्या वरच्या बाजूला गेले.

आमटी ठार अळणी होती.

शिष्य पळी घेऊन पंक्तीतून फिरत होता, त्यामुळे सगळे त्यालाच ऐकावे लागले. शास्त्रीबुवांनी आमटीत नुसताच वेदान्त घातला, असे एक म्हणाला. दुसऱ्याने विचारले, गावात मीठ महागलं काय? जयाजीरावांनी आमटी करणाऱ्याला जवळ बोलावून दोन कडक शब्द सुनावले, आणि ते अन्यायाचे होते असे कुणालाही म्हणता आले नसते. मात्र बोलता बोलता सगळ्यांनी मीठ कालवले, भात कालवला, आणि बघता बघता आमटीला दुसऱ्यांदा मागणी सुरू झाली. फक्त सोनबारावांच्या पानातला मिठाचा ढीग जसाच्या तसा होता. त्यांना काही जाणवलेच नव्हते. अर्धवट मिटल्या डोळ्यांनी ते तिसऱ्यांदा आमटी मागत होते. आपण ज्याच्यासाठी पळत गेलो तो माणूस हा असा आहे, हे शिष्याने पाहिले, आणि निमूटपणे त्यांना आमटी वाढली.

जेवणानंतर चिंचोके मोजले. जयाजीरावांचे शहाण्णव, सोनबारावांचे एकशे नऊ. भिजवलेला चुना वाया जाऊ नये म्हणून जयाजीरावांनी देवळाची पडवी पांढरी करून द्यायची ठरवली, आणि दोन दिवसांत दिलीही. शिष्याने तिथे जाऊन मनापासून त्यांचे आभार मानले.

पण त्याआधी, उत्सवाच्या दुसऱ्याच दिवशी, तांबडे फुटायच्या सुमारास सोनबारावांच्या दाराची कडी वाजली. बराच वेळ वाजली. शेवटी सोनबाराव डोळे चोळत बाहेर आले. ओट्यावर शिष्य बसला होता, त्याच्याशेजारी चिमाआत्या, आणि पायरीवर खालच्या आळीतली आणखी चार माणसे. आत्याने येताना चूळ भरायला पाण्याचा तांब्यासुद्धा आणला होता.

"अरे, काल निवडून दिलंत ना मला?" सोनबाराव कळवळून म्हणाले. "मग आता झोपू तरी द्या."

"निवडून दिलं म्हणूनच उठवायला आलो," शिष्य म्हणाला.

"रोज येणार?"

"रोज," चिमाआत्याने तांब्या पुढे केला. "पाळ्या लावल्यात. उद्या माझी नि या धाकट्या सुनेची. मी कडी वाजवत नाही, मी गाणं म्हणते."

सोनबारावांनी तिचे गाणे पूर्वी ऐकले असावे, कारण त्यांनी घाईघाईने चूळ भरली, उपरणे खांद्यावर टाकले आणि सगळ्यांच्या मधोमध चालत ते तळ्याकडे निघाले. वाटेत त्यांना दोनदा जांभई आली. दोन्ही वेळा कुणीतरी घाटाच्या पायऱ्यांची आठवण काढली.

ऊन अंगणात उतरले तेव्हा पाटाचे पाणी शिष्याच्या आईच्या परड्यात पोचले होते. ती कुदळ घेऊन उभी होती. मुलाला येताना पाहून तिने विचारले, "सोनबाच आला म्हणे पुन्हा. सुधारलाय का काही?"

"नाही, आई. पण मोरी उघडी आहे."

आईने मान हलवली. पहिला वाफा भरला होता. तिने कुदळीने मातीचा बांध फोडून पाणी दुसऱ्या वाफ्यात घेतले, आणि दुसरी कुदळ त्याच्या हातात दिली.